तुम्ही विचारलंत म्हणून: पडद्यावर मासा दिसतो, मग गळ कशाला?

"एवढी यंत्रं लावायची, तर सरळ जाळंच टाका की!" गळाने मासे धरताना फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र, वापरतो म्हणून हे वाक्य मी धरणाच्या काठावर ऐकलंय, टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात असतानाही ऐकलंय. विचारणाऱ्यांत तीन जाती असतात. एकाला वाटतं हे करंट मारण्यातलंच काहीतरी आहे. दुसऱ्याला गुपचूप किंमत हवी असते. तिसरा खरोखर चिडलेला असतो आणि उत्तर त्यालाच द्यायचं आहे, पण पहिल्या दोघांना वाटेला लावल्याशिवाय तिथवर जाता येत नाही.

करंटवाल्यांसाठी. इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन पाण्यात दोन तारा सोडायच्या, की बोटभर पिलांसकट सगळे मासे उताणे पडतात. सुरुंगाला आणि विषाला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि करंट हा त्यांचाच धाकटा भाऊ. फिश फाइंडर पाण्यात वीज सोडत नाही, आवाज सोडतो, म्हणून त्याला सोनारही म्हणतात. ट्रान्सड्यूसर म्हणजे त्याचा पाण्यात राहणारा भाग. त्यातली सिरॅमिकची चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, आवाज तळावर किंवा माशावर आपटून परत येतो, आणि यायला लागलेल्या वेळेवरून खोली निघते. रोहू-कटल्याच्या जातीचे कान मोठे तिखट असतात, पण तेही सेकंदाला तीन-चार हजार कंपनांपर्यंतच. म्हणजे यंत्राचा आवाज माशाला ऐकूच जात नाही. काठावर धपधप चालणारे तुमचे बूट मात्र स्वच्छ ऐकू जातात. यंत्राने मासा बुजतो असं सांगणारा माणूस नेमका मोबाइलवर मोठ्याने बोलत उभा असतो, हा माझा अनुभव नाही, नियम आहे.

आता किंमतवाले. काठावरून गळ टाकणार असाल तर फेकून वापरायचा चेंडूसारखा सोनार पुरतो. पंधरा-वीस हजारांच्या आसपास, वजन शंभर ग्रॅमच्या घरात. इथेच पहिली चूक होते. चाळीस ग्रॅम फेकणाऱ्या रॉडवर तो लावतात, जोर काढून फेकतात, दोरी तुटते आणि वीस हजार रुपये एकटेच प्रवासाला निघतात. रॉड शंभर ग्रॅम झेपणारा हवा आणि दोरी विणलेली, निदान ०.३० मिलिमीटरची. तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) नको, तो ताणला जातो आणि गाठ सरकते. चेंडू चित्र वायफायने फोनवर पाठवतो, म्हणून फोन खिशात ठेवू नका. वायफाय पाण्यालगत फार लवकर मरतं, फोन छातीच्या उंचीवर धरला तर अंतर सरळ वाढतं. एका जागी उभं राहून पंख्याच्या पात्यांसारखे फटके मारा, दर वेळी पाच-सात अंश सरकत, आणि सावकाश गुंडाळा. तासाभरात समोरच्या तळाचा नकाशा तयार होतो. जुनी नदीची धार, बुडालेला बांध, ओढ्याचं तोंड सगळं दिसतं.

माशाचं चित्र दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ती सोय पानालाही मासा म्हणते. गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे हा आपल्याकडचा मोठा फसवा प्रकार. ते तळापासून वर तिरप्या सरळ रेषेत जातात, मासा कमानीसारखा उमटतो. आणि कमान लांब म्हणून मासा मोठा असंही नाही. ती लांबी वेळेची असते. चेंडू स्थिर असेल आणि बोटाएवढी चिलापी खाली थांबली, तर तीही पडद्यावर मगरीसारखी दिसते. वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद होतो, त्यात मासा नेमका कुठे आहे ते यंत्र सांगत नाही. सप्टेंबरात भरलेल्या धरणाचा काढलेला नकाशा मेमध्ये तसाच वापरणारेही पाहिलेत. अहो, मधल्या काळात शहर पाणी प्यायलं, आवर्तनं गेली, एखाद्या वर्षी जायकवाडीला सोडलं. नकाशा काढलेल्या दिवशीची पाणीपातळी वहीत लिहा आणि आजची त्यातून वजा करा. पेपरात टक्केवारी रोज येते, पण आपल्याला टक्के नको, मीटर हवेत.

मरळ धरणाऱ्यांनी यातलं काहीच घेऊ नये. मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं, ती स्वतःच पत्ता सांगते. अर्धा मीटर पाण्यात, शेवाळात आणि जलपर्णीत सोनारला हिरवा चिखल सोडून काही दिसत नाही.

इतपत यंत्राबद्दल कोणी भांडत नाही. भांडण आहे ते समोर बघणाऱ्या, जिवंत चित्र दाखवणाऱ्या सोनारचं. २०१८ साली गार्मिनने लाइव्हस्कोप आणला तेव्हापासूनचं. यात मासा कमान म्हणून दिसत नाही, हलताना दिसतो. तुमचं आमिष पडताना दिसतं, मासा वळताना दिसतो, जवळ येऊन तोंड फिरवून गेलेलाही दिसतो. (हे शेवटचं फार जिव्हारी लागतं.) पडदा, चित्र तयार करणारी पेटी, ट्रान्सड्यूसर, बॅटरी मिळून आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. जोडताना गफलत बहुतेक वेळा तारेत होते. नऊ इंची पडद्यासकट संच चार-पाच अँपिअर खातो. बॅटरी पाच मीटरवर ठेवून दीड चौरस मिलिमीटरची घरगुती तार ओढली, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट रस्त्यातच जातो. शिशाची बॅटरी दुपारी आधीच मरगळलेली असते, पेटीला दहा व्होल्ट मिळेनासे झाले की ती बंद पडते आणि लोक कंपनीला शिव्या देतात. चार चौरसची तार घ्या, बॅटरीच्या टोकालाच फ्यूज लावा. तीस अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सहा-सात तास नेते. पण ती सांगून मरत नाही. शेवटपर्यंत ठणठणीत असते आणि एकदम अंधार.

आता आमच्या स्पर्धेतलं ते प्रकरण. त्यासाठीच तर विचारता तुम्ही.

आमच्या ओळखीतल्या गळवाल्यांची वर्षातून एकदा घरगुती स्पर्धा असते. धरणावरच्या मच्छीमार संस्थेची रीतसर पावती, सकाळी सहा ते दुपारी दोन, वीस जण, प्रत्येकाला काठाचा पंधरा मीटरचा पट्टा. (इंग्रजीत त्याला पेग म्हणतात. आमच्याकडे त्या शब्दाने भलतेच गैरसमज होतात, म्हणून पट्टा.) तीन मोठ्या माशांचं वजन धरायचं आणि मासे जिवंत परत सोडायचे. नियमांचा कागद माझा. त्यातला सातवा नियम: "फिश फाइंडर वापरण्यास हरकत नाही. मासा गळानेच धरावा." हा लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो चेंडू होता.

एका वर्षी सिन्नरकडचा एक पोरगा जिवंत सोनार घेऊन आला. कमरेएवढ्या पाण्यात लोखंडी दांडी रोवली, तिच्यावर ट्रान्सड्यूसर आडवा बसवला. उभा बसवला तर तो समोरचा पातळ उभा काप दाखवतो. आडवा केला की १३५ अंशांचा पंखा पाण्यात आडवा पसरतो आणि वरून पाहिल्यासारखं चित्र मिळतं. त्याने पल्ला वीस मीटर ठेवला होता. हिशोब करा. वीस मीटरच्या पल्ल्यात तो पंखा डावी-उजवीकडे साडेअठरा मीटर जातो. त्याचा पट्टा मधून दोन्हीकडे साडेसात. म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांच्या पाण्यातले अकरा-अकरा मीटर त्याच्या पडद्यावर.

डाव्या हाताला नाना. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी सहा वाजल्यापासून चार किलो चारा घातला होता. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं चण्याचं पीठ, थोडी मेथी. गोळे लिंबाएवढे, एकाच ठिकाणी, दर वीस मिनिटांनी तीन. आमिष तळाला, रोहू-मृगळाच्या हिशोबाने. पावणेदहाला मासे आले. नानांच्या चाऱ्यावर तीन मोठी अंगं उभी राहिली. नानांना काही कळलं नाही, कारण गळाला कोणी तोंड लावलं नाही. पोराला दिसलं. त्याने ट्रान्सड्यूसर उभा फिरवून त्या दिशेला धरला, कारण आडव्या चित्रात खोली कळत नाही. मासे तळापासून दीड मीटर वर होते. तळाचं न खाता वरवर खाणारे, म्हणजे कटला. त्याने तळाचा गळ गुंडाळला, तरंगणाऱ्या बोयाखाली आमिष बरोबर त्या खोलीला बांधलं आणि थांबला. साडेदहाला त्यातला एक सरकत त्याच्या पट्ट्यात आला. त्याच्या दोन हात पुढे आमिष पडलं. सात किलो.

मासा सोडताना नाना बघायला आले आणि पडदा त्यांनी तेव्हा प्रथम पाहिला.

"माझ्या चाऱ्यावर उभे होते हे?"

"हो नाना, पावणेदहापासून."

"मग सांगितलं नाहीस."

"स्पर्धा आहे ना, नाना."

"सांगायचं नव्हतं, तर माझ्या पाण्यात बघायचं कशाला?"

तक्रार माझ्याकडे आली. मी कागद काढला. सातवा नियम वाचून दाखवला. पोराचा गळ शेजारच्या पट्ट्यात गेला नव्हता, दोरी गेली नव्हती, गेला होता तो आवाज, आणि आवाजाबद्दल कागदात काही नव्हतं. मासा मान्य केला. नानांनी वाद घातला नाही. दोन्ही रॉड पुसले, रिळांना पिशव्या घातल्या आणि अकरा वाजता निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी वर्गणी भरली नाही.

आता माझी बाजू ऐका. पोराने चोरी केली नाही. आडव्या चित्रावरून उभ्यावर कधी जायचं, दीड मीटर वर म्हणजे कटला, बोया कुठे बांधायचा, मासा येईपर्यंत पाऊण तास हात आवरायचा, यातलं काहीही दोन लाखांच्या डब्यात येत नाही. त्याच दिवशी तेवढाच पडदा दुसऱ्या कोणाकडे असता, तर तो आठ तास मासे बघून रिकाम्या हाताने गेला असता. दिसणारे बहुतेक मासे खातच नाहीत, हे पडद्यापुढे एक सकाळ बसलेला कोणीही सांगेल. मी तेव्हा म्हणायचो, ओळंबा लावला म्हणून भिंत गवंड्याची राहत नाही का?

टाळ्या मिळवणारं वाक्य आहे. पण ओळंबा स्वतःची भिंत दाखवतो, शेजाऱ्याची नाही. हे मला निकाल देताना सुचलं नाही, घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला सुचलं. तेव्हाचा मी म्हणेल, मग नियम लिहिणाऱ्याची चूक, यंत्राची नाही. बरोबर आहे, आणि लिहिणारा कोण होता तेही माहीत आहे.

अमेरिकेत काय करतात, असंही विचारता. तिथे बास माशाच्या व्यावसायिक स्पर्धांवर माणसांची पोटं चालतात, तरी त्यांचंही एकमत नाही. २०२५ च्या हंगामात मेजर लीग फिशिंगने आपल्या वरच्या मालिकेत दिवसाच्या तीन टप्प्यांपैकी एकातच समोर बघणारा सोनार ठेवला. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगने त्याच हंगामासाठी तो पूर्ण बंद केला. एकच मासा, एकच वर्ष, दोन उत्तरं. तिथली एक काळजी आपल्याला कमी लागू पडते. खोलातून पटकन वर ओढलेल्या माशाच्या हवेच्या पिशवीवरचा दाब सुटतो आणि ती फुगते. रोहू-कटल्याची पिशवी घशाला जोडलेली असते, ते हवा तोंडाने सोडू शकतात. चिलापीला ती सोय नाही.

आपली खरी काळजी वेगळी आहे, आणि ती मला कोणी विचारत नाही. मे महिन्यात आपल्या धरणांचं काय होतं ते बघा. पाणी आटत जुन्या नदीच्या धारेत गोळा होतं आणि सगळा मोठा मासा त्या पट्टीत दाटतो. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात अंडी घालायला वर चढणार तो हाच मासा. भरलेल्या पाण्यात जिवंत सोनार शोधायला मदत करतो. आटलेल्या पाण्यात शोधायचं काही उरतच नाही, तिथे तो फक्त मोजणी करतो. एक मोठा कटला ओढून, फोटो काढून, सदतीस-अडतीस अंशांच्या दुपारी कोमट पाण्यात सोडला तर तो पोहत जातो हे खरं, पण संध्याकाळी तो कुठे असतो हे बघायला कोणी थांबत नाही. म्हणून मार्चअखेरनंतर मी कोणाच्याही बोटीवर किंवा दांडीवर संच बसवून देत नाही. यावर मला दुटप्पी म्हणतात. बिनयंत्राचा गळही त्याच धारेत पडतो, त्याला का नाही अडवत? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. अडवायला हवं, बहुतेक.

यंदाच्या कागदावर सातवा नियम तीनदा खोडून झालाय. सध्या असा आहे: फेकायचा सोनार सकाळी सहापर्यंत, सुरुवातीची शिट्टी वाजल्यावर पेटीत. समोर बघणारा सोनार चालेल, पण फक्त उभा, आडवा नाही, आणि पल्ला पंधरा मीटर. उभ्या चित्राचा काप वीस अंशांचा, पंधरा मीटरवर पाच-सव्वापाच मीटर रुंद होतो, म्हणजे सरळ समोर धरला तर पट्ट्यातच राहतो. जरा कलता धरला तर नाही राहत. वीस पट्टे फिरून दांड्यांचे कोन तपासणार कोण, हे पोरांनी मला विचारलंय. नानांना कागद पाठवलाय, वर्गणीची आठवण केलेली नाही.