सागाची पानं

दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगला आमच्या शाळेत 'आदिवासी नृत्य' झालं. बसवलं मीच. गावातल्या पोरांच्या कमरेला सागाची पानं, गालांवर काजळाचे पट्टे, मागं झिंगालाला. समोर पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, एक आजी डोक्यावर पदर घेऊन बसलेली. तिनं शेजारणीला विचारलं, "हे कोन हायेत वं बाई?"

ते माझ्या कानातून अजून जात नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातली. निम्मी पोरं गावची, निम्मी कोलाम पोडावरची. मधे नाला. खिचडीच्या पंगतीही नाल्याच्या अल्याड-पल्याड.

पुढे कधीतरी मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या शाळांबद्दल वाचलं. तिथं सरकारनंच आदिवासींची लेकरं आईबापांपासून तोडून मिशनमध्ये, गोऱ्यांच्या घरी ठेवली होती. १९७०च्या आसपासपर्यंत हे चाललं. १३ फेब्रुवारी २००८ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. आता दरवर्षी २७ मे ते ३ जून समेटाचा आठवडा असतो. पहिली तारीख १९६७च्या सार्वमताची, ज्यानं आदिवासींना जनगणनेत मोजायचं ठरलं; शेवटची १९९२च्या माबो निकालाची. जमिनीवरचा मूळ लोकांचा हक्क तेव्हा कोर्टानं मानला. शाळा त्या भागातल्या आदिवासी वडीलधाऱ्यांना बोलावतात. ते शिकवतात, पोरं शिकतात. मी तर आमच्या कोलामांना प्रेक्षकांत बसवून त्यांचंच सोंग दाखवलं होतं!

आमच्या पोडावरून तसं कोणी लेकरं नेली नाहीत, हे खरं. पण एका पोरीनं पाण्याला 'ईर' म्हटलं तेव्हा "नीट बोल, पाणी म्हण" असं दटावणारी मीच.

यंदा आजीलाच बोलावलं, बांबूचा तट्टा विणायला शिकवायला. मानधन कोणत्या हेडमधून टाकायचं यावर ऑफिसात अर्धा तास गेला, ते सोडा. आजीनं ओला बांबू उभा चिरला. कोयत्याला जोर नाहीच. पातं नुसतं रुतवायचं आणि फट अंगठ्यानं पुढं सरकवत न्यायची. गावातल्या एका पोराच्या पट्ट्या सारख्या तुटत होत्या. पोडावरच्या पोरीनं त्याच्या हातातून बांबू ओढलाच, "काऊन घाई करतं बे?"

ही तीच, ईरवाली. फळ्यावर मी कोलामी शब्द लिहीत होते: ईर, किस, एल्ला. पाणी, आग, घर. मी मोठ्यानं वाचले तर म्हणते, "असं नाही मॅडम." तीनदा म्हणवून घेतलं.

पंगती त्या दिवशीही वेगळ्याच बसल्या. तट्टा अर्धाच झालाय. आजी जाताना सांगून गेली, शनिवारी येतो, कामट्या भिजवून ठेवजा.