मी डॉल्बीवाला नव्हे, साहेब

कोल्हापुरात 'डीजे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं विसर्जनाची मिरवणूक आणि डॉल्बीची भिंतच येते. मी वाजवतो हाऊस आणि टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत. मिनिटाला १२४ ते १३० ठोके (बीपीएम), बंद हॉल, शंभर-सव्वाशे माणसं, गाण्यात शब्द जवळपास नाहीतच. एवढं एका सरकारी टेबलावर पटवायला माझे दोन महिने गेले.

शिकलो, कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) घेतला, पुण्यात फुकट वाजवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते घरच्याच गावात. शाहूपुरीत हॉल ठरला आणि मी ध्वनिक्षेपक परवान्याचा अर्ज घेऊन गेलो. कुठल्या कचेरीत, ते लिहीत नाही.

रकाना होता 'कार्यक्रमाचा प्रकार'. मी लिहिलं, डीजे नाइट. हवालदारांनी पेन खाली ठेवला. "डॉल्बी बंद हाय."

"डॉल्बी नाही साहेब, दोन टॉप आणि दोन बेस, असे चारच स्पीकर."

"मग डॉल्बीच की!"

दुसऱ्या खेपेला 'ईडीएम' (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) लिहून नेलं. "ही कुठली संस्था? नोंदणीचा कागद कुठाय?" तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला हॉलमालकाचं संमतिपत्र मागितलं. आणलं तर त्यावर तारीख नव्हती. मग हॉलचा नकाशा. हे सगळं पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय जातंय?

सहाव्या खेपेला माझं डोकं फिरलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांची प्रिंट काढून टेबलावर ठेवली: रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, पण बंद सभागृहातल्या वापराला त्यातून सूट आहे. नियम बरोबर होता. माझा सूर चुकला. "आम्हाला कायदा शिकवतोस काय रं?" आणखी आठवडा गेला. प्रिंट जवळ ठेवा, पण विचारल्याशिवाय काढू नका.

मार्ग सापडला तो राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या मंडपवाल्याकडं. म्हणाले, "बाळ, डीजे हा शब्दच खोड." त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं: 'बंद सभागृहात ध्वनिमुद्रित संगीताचा कार्यक्रम', स्पीकर चार, वॅट इतके, समाप्ती पावणेदहा. दुसऱ्या दिवशी शिक्का! त्याच टेबलावर, त्याच पेनानं.

हो, एक राहिलं. ध्वनिमुद्रित गाणी तिकीट लावून वाजवायची तर कॉपीराइटचा परवाना वेगळा लागतो. लग्नाला कायद्यात सवलत आहे, आपल्याला नाही. ते काम पोलीस परवान्याच्या आधीच उरका.

हद्दीवरच्या आवाजाला भागाप्रमाणे मर्यादा असते, सार्वजनिक जागी जास्तीत जास्त ७५ डेसिबल, म्हणून मीटर घेऊन भिंतीबाहेर उभा राहिलो. ६८. खूश झालो, तोवर शेजारच्या काकू बाहेर आल्या. त्यांच्या फडताळातली भांडी किकच्या, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याच्या, तालावर वाजत होती. हे मीटर खर्जाचा आवाज कमी धरतं, भांडी धरत नाहीत. बेस उतरवला.

आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून दोन न्या. माझा एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटमधला होता. साउंडचेकला सीडीजेच्या (डीजेच्या प्लेअरच्या) पडद्यावर एक गाणं दिसेना. मित्राचा लॅपटॉप आला म्हणून वाचलो.

शिक्क्याच्या परवान्याची झेरॉक्स अजून हेडफोनच्या पाऊचमध्ये आहे. पुढचा कार्यक्रम डिसेंबरात; अर्ज या सोमवारीच टाकतोय.