शेवटची शून्यं आणि आजीचा रुपया

परवा रात्री जुना कोड चाळत बसलो होतो, त्यात मीच कधीतरी लिहिलेलं एक छोटंसं लूप सापडलं. आकडा सम आहे तोवर दोनने भागत राहायचं आणि किती वेळा भागलं ते मोजायचं, बस. बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहिल्यावर आकड्याच्या शेवटी ओळीने किती शून्यं येतात ते असं कळतं. ९६ घ्या, ४८, २४, १२, ६, ३, संपलं. पाच.

आणि एकदम आजी आठवली. तिचा रुपया १६ आण्यांचा, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, आणि त्याचे दोन सारखे वाटे करत सुटलं की अधेली, पावली, चवली, मग आणा, अर्धा आणा, पैसा, तब्बल सहा वेळा, तेव्हा कुठे हातात ३ पै उरतात आणि भांडण सुरू होतं! १९५७ ला नवे पैसे आले, रुपया १०० चा झाला. हिशोब सोपा झाला हे मान्य, पण ५०, २५ की खेळ खल्लास. चवलीचे साडेबारा पैसे होतात हो. दहात दोन एकदाच बसतो, म्हणून दहा गुणिले दहात दोनदाच, त्यामुळे १०० ला बायनरीतही शेवटी दोनच शून्यं. वाटणीच्या बाबतीत आजीचा रुपया भारी होता, माझं ठाम मत आहे.

खरं तर लूपची गरजच नसते. आकडा आणि त्याचाच उणे आकडा (कॉम्प्युटरमध्ये तो सगळे ० आणि १ उलटे करून एक मिळवून लिहितात) यांचं अँड केलं, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला, की शेवटचा १ तेवढा उरतो, बाकी सगळं साफ. १२ म्हणजे ००००११००, उणे १२ म्हणजे ११११०१००, दोघांत सामाईक फक्त ०००००१००, त्या १ च्या मागे दोन शून्यं, तेच उत्तर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कागदावर चार वेळा करून पाहिलं होतं. आता तर शून्यं मोजायला प्रोसेसरलाच एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे तयार हुकूम, असते. पण माझं लूपही अगदीच टाकाऊ नाही बरं का, निम्मे आकडे विषमच असतात, तिथे ते आत शिरतही नाही, आणि सरासरी काढली तर एका आकड्यामागे जेमतेम एक फेरी पडते.

घोळ होतो तो शून्याचा. शून्य सम, त्याचं अर्धं शून्य, तेही सम... माझा प्रोग्रॅम एकदा यातच गरगरत बसला होता आणि मी तासभर नेटवर्कला शिव्या घालत होतो. मोठमोठ्यांचंही इथे एकमत नाही. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा ३२ बिटांच्या, म्हणजे ०-१ च्या ३२ घरांच्या, शून्याला ३२ सांगून मोकळी होते, म्हणजे माझ्याकडची सगळी घरं रिकामी. जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरचं यासाठीचं बिल्टइन (तयार फंक्शन) मात्र कानावर हात ठेवतं, शून्य दिलंत तर काय येईल ते आम्हाला विचारू नका. इंटेलच्या प्रोसेसरची शेवटचा १ शोधणारी जुनी बीएसएफ इन्स्ट्रक्शनही त्याच पंथातली, नंतरची शेवटची शून्यं मोजणारी टीझेडसीएनटी ३२ बिटांच्या आकड्याला गुमान ३२ देते.

माझ्या त्या लूपच्या वर आता एक ओळ आहे, शून्य आलं तर ३२ देऊन परत फीर. शेजारी कॉमेंटमध्ये मी लिहून ठेवलंय, "काढू नकोस रे बाबा."