मधल्या खोलीतून गेलेली वाट

इंग्लंडमधील लेस्टर शहरात मी घरांच्या मूल्यांकनाचे काम करतो. एकदा सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी विक्रीपूर्वी आपल्या घराची किंमत ठरवण्यासाठी मला बोलावले. घर व्हिक्टोरियन काळातले, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले. अशी घरे बांधली तेव्हा शौचकूप मागच्या अंगणात असे. पुढे, विशेषतः १९५९ च्या कायद्याने न्हाणीघरासारख्या सोयींना अनुदान मिळू लागल्यावर, पुष्कळ घरमालकांनी स्वयंपाकघराच्या मागे एक खोली वाढवून तेथे न्हाणीघर केले. त्यामुळे रात्री उठलेल्या माणसाला जिना उतरून स्वयंपाकघर ओलांडावे लागते. बाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांच्या दिवंगत यजमानांनी न्हाणीघर वर, मागच्या लहान शयनगृहात नेले होते.

"आता किंमत वाढली असेल ना?" त्यांनी दारातच विचारले.

खालचा बदल खरोखर चांगला होता. जुन्या न्हाणीघराची भिंत गेल्याने स्वयंपाकघर थेट बागेपर्यंत पोहोचले होते, आणि खाली एक शौचालयही राखले होते. अडचण वर होती. या घरांत मागच्या खोलीत जाण्यासाठी बहुधा मधल्या शयनगृहातूनच जावे लागते. म्हणून यजमानांनी तीन मीटर रुंदीच्या त्या खोलीतून नव्वद सेंटिमीटरची वाट काढून लाकडी भिंत उभारली होती. उरलेल्या दोन मीटरांत एक पलंग आणि कपाट एवढेच मावत होते. म्हणजे तीन शयनगृहांच्या घरातले एक गेले आणि दुसरे आक्रसले. आणि त्या रस्त्यावर मुलाबाळांसह येणारे ग्राहक आधी शयनगृहे मोजतात.

त्यातच स्वयंपाकघराचे छत खाली झुकलेले दिसले. वर टबाजवळची सैल फळी बाईंच्या परवानगीने उचलली, तर टबाच्या सांडपाण्याची नळी बसवण्यासाठी जमीन पेलणाऱ्या सव्वाशे मिलिमीटर उंचीच्या तुळयांना जवळजवळ निम्म्यापर्यंत खाचा पाडलेल्या होत्या. खाच साधारणपणे तुळईच्या उंचीच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नसावी, आणि भरलेल्या टबातल्या पाण्याचेच वजन दीड-दोनशे किलो असते. काम पूर्ण झाल्याचा नगरपालिकेचा दाखलाही नव्हता.

हे सांगणे मला जड गेले, कारण ते काम पत्नीच्या वेदनेपोटी झाले होते. तरीही आधी तुळया दुरुस्त करून घ्याव्यात आणि झालेले काम नगरपालिकेकडून नियमित करून घ्यावे, असा सल्ला मी दिला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी सहा वर्षे रात्री एकदाही जिना उतरले नाही."

दुरुस्ती आणि दाखला झाल्यावर मी पुन्हा गेलो. धोक्यासाठी धरलेली वजावट काढून टाकली, बागेपर्यंत गेलेल्या स्वयंपाकघराचे मोल धरले, आणि शयनगृहांच्या रकान्यात दोन असे लिहिले.