तून, साग आणि नऊ मिलिमीटर : माझ्या बेस प्रोजेक्टचं आतापर्यंतचं रडगाणं

जून, दुसरा आठवडा

सुरुवात झाली एकदाची. लाकडाने इलेक्ट्रिक बेसचा (म्हणजे बेस गिटारचा) आवाज बदलतो की नाही ह्यावर दोन वर्षं नुसती भांडणं करतोय आपण, म्हणून म्हणलं आता स्वतःच करून बघू. प्लॅन साधा आहे. जॅझ बेसच्या (फेंडर कंपनीचं एक मॉडेल) मापाच्या दोन बॉड्या करायच्या, एक तूनच्या लाकडाची आणि एक सागाची, बाकी नेक (लांब दांडी), पिकअप (तारेचं हलणं पकडणारी कॉइल), ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), तारा, वायरिंग सगळं एकच, ते एका बॉडीवरून उतरवायचं आणि दुसरीवर चढवायचं. जॅझ बेसचा फायदा असा की दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि जॅक त्या लोखंडी कंट्रोल प्लेटवरच असतात, त्यामुळे पिकअपच्या वायरी आणि ब्रिजची अर्थ वायर सोडवली की सगळा संसार प्लेटसकट उचलता येतो.

नेक माझ्या जुन्या बेसचा, मेपलचा, वर शिसवाचा फिंगरबोर्ड, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी).

ॲश-अल्डर, म्हणजे बेसच्या बॉडीची नेहमीची लाकडं, का नाही असं विचारणार तुम्ही. एकतर इथे मिळवायचं म्हणजे खिसा फाटतो, आणि दुसरं म्हणजे लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तेव्हा ॲश वापरलं, १९५६ च्या सुमाराला अल्डरवर गेला, कारण ती लाकडं तिकडे भरपूर आणि परवडणारी होती. आकाशवाणी वगैरे काही झाली नव्हती. मग आपल्याकडे जे मिळतं ते का नको? तून म्हणजे मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचं लाकूड, त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळाला. आणि साग तर काय, घराघरात दारं-खिडक्या त्याच्याच.

जून, चौथा आठवडा

पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला तीन चकरा झाल्या. पहिल्या ठिकाणी तून म्हणून जे दाखवलं ते तून नव्हतंच, नशीब आमचे सुतारकाका बरोबर होते. काकांनी फळीला बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, वास घेतला आणि म्हणाले, "पोरी, हे पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड आहे, चल पुढं." खरं तून दोन दुकानं सोडून मिळालं, लालसर तपकिरी, रंधा मारला की गोडसर वास येतो, अख्खं वर्कशॉप घमघमतं.

४५ मिलिमीटर जाडीच्या दोन-दोन फळ्या मधोमध जोडून ब्लँक (बॉडी कापायचे कच्चे ठोकळे) केले. तून लोण्यासारखं कापलं गेलं. सागाने मात्र काकांना घाम फोडला, सागात सिलिका असते म्हणून धार पटकन जाते, दर वीस मिनिटांनी काका पातं दगडावर घासायला बसायचे आणि माझ्याकडे बघायचे. शिवाय साग तेलकट, म्हणून जोड द्यायच्या आधी दोन्ही कडा थिनरने पुसून लगेच फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळायचं, नाहीतर सांधा धरत नाही. हे मला माहीत नव्हतं, पहिला सांधा दुसऱ्या दिवशी हाताने उकलला.

आकार कापून झाल्यावर वजनं: तून २.१ किलो, साग ३ किलो. काका म्हणाले सागाची गळ्यात घालून उभी राहशील तेव्हा कळेल.

जुलै, कधीतरी

राउटरने पिकअपच्या खाचा आणि नेकचा खिसा पाडला. तूनचा खिसा जरासा सैल झाला, जुनं व्हिजिटिंग कार्ड कापून शिम घातली, चालतंय. (सगळे करतात, कबूल कोणी करत नाही.)

वायरिंगचं सामान तपकीर गल्लीतून. २५० के चे तीन पॉट (नॉबखालचे व्हेरिएबल रेझिस्टर), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तांब्याची टेप. कपॅसिटर पाच घेतले, सगळ्यांवर ४७३ छापलेलं, मीटर लावला तर पाचातले दोन चाळीस नॅनोच्याही खाली. जातीचे स्वस्त होते, तक्रार नाही, पण मोजून घ्या एवढंच.

पहिल्यांदा तूनला सगळं चढवलं, ॲम्पला लावलं आणि तारेला हात लावला तर मनगटापर्यंत झिणझिण्या. जागच्या जागी ॲम्प बंद. बेसचा दोष नव्हता, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला होतं, आत अर्थिंगची वायरच जोडलेली नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवून ते करून घेतलं, मगच पुढे. तुमच्याकडे तारेला हात लावल्यावर असं काही होत असेल तर वाजवत बसू नका प्लीज, बेसची ब्रिज ग्राउंड थेट तुमच्या बोटांपर्यंत येते.

ऑगस्ट, पहिला आठवडा

आता मजा. तूनवर रेकॉर्डिंग करून घेतलं, थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, टोन पूर्ण उघडा, चारी तारा मोकळ्या, मग जी तारेवर पाचव्या ते नवव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या) एकेक स्वर, मग थोडं स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून). एक रविवार घालवून सगळं सागावर नेलं, तेच परत वाजवलं, नेक पिकअपवर (दोन पिकअपपैकी नेककडचा) फारसं काही नाही, पण नुसता ब्रिज पिकअप लावला तर फरक! सागाचा आवाज सरळ सरळ कडक, नाकातून आल्यासारखा, खालचा दम कमी आणि वरची टणक किनार जास्त. मी तर नाचायलाच लागले. जड लाकूड, घट्ट लाकूड, म्हणून चमकदार आवाज, सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं. दोघा-तिघांना क्लिप पण पाठवल्या, "ऐका, म्हणत होते ना मी."

ऑगस्ट, दुसरा आठवडा

तोंडघशी पडले.

झालं असं की पिकअप कव्हर बसवताना ब्रिज पिकअप जरा मागे दिसतोय असं वाटलं, म्हणून पट्टी लावली. तूनच्या मानाने सागाच्या बॉडीत ब्रिज पिकअपची खाच नऊ मिलिमीटर ब्रिजकडे सरकलेली. कारण? सागासाठी जी टेम्प्लेट प्रिंट केली ती सत्तरच्या दशकातल्या जॅझ बेसची होती आणि तूनची साठच्या दशकातली. फेंडरने सत्तरच्या दशकात ब्रिज पिकअप साधारण एक सेंटिमीटर मागे नेला होता हे मला माहीत होतं हो, लोकांना मीच सांगायचे, आणि स्वतःच्या टेबलावर दोन ड्रॉइंग एकाच फोल्डरमध्ये ठेवून बसले होते.

ब्रिजजवळ तार कमी हलते, त्यातही मूळ स्वर फारच कमी आणि वरचे ओव्हरटोन त्याच्या मानाने जास्त, त्यामुळे पिकअप जितका ब्रिजकडे तितका आवाज कडक आणि पातळ. एका सेंटिमीटरने एवढा फरक पडतो हे कानाने कळायला मला सागाचा ब्लँक लागला.

आणि मग डोक्यात दुसरीच ट्यूब पेटली. बेसिस्ट मार्कस मिलरचा तो प्रसिद्ध आवाज, १९७७ चा जॅझ बेस, आपण सगळे म्हणतो ॲश बॉडी आणि मेपल फिंगरबोर्ड, म्हणून तो असा काचेसारखा. अरे पण ७७ चा म्हणजे पिकअप मागे सरकलेला, वर गिटार बनवणाऱ्या रॉजर सॅडोस्कीने बसवून दिलेला प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट), वर नव्या कोऱ्या तारा आणि वर मार्कस मिलरचा अंगठा. ॲशच्या वाट्याला किती उरलं? दुसऱ्या टोकाला बेसिस्ट जेम्स जेमर्सन, ६२ चा प्रिसिजन, वर्षानुवर्षं न बदललेल्या जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा आणि ब्रिजच्या कव्हरखाली फोम. तिथे तर लाकडाचं नाव काढायचीपण सोय नाही.

ऑगस्ट, चौथा आठवडा

सागाची चुकलेली खाच सागाच्याच तुकड्याने बुजवली, काकांनी रेषा इतक्या मस्त जुळवल्या की शोधायला लागते. नवी खाच बरोबर जागी. परत सगळं रेकॉर्ड.

ह्यावेळी माझ्यावर माझाच विश्वास नव्हता म्हणून धाकट्या भावाला बसवलं, तो फाइलींची नावं बदलून एकेक वाजवणार आणि मी सांगणार तून की साग. बारा जोड्या. सात बरोबर आल्या. "ताई, ह्यापेक्षा नाणं उडव आणि मला झोपू दे," इति भाऊ. त्याला बेसचं काही कळत नाही, पण मुद्दा बरोबर होता.

मग त्याच झटक्यात, त्याला अजून अर्धा तास ओलीस ठेवून, बॉडी तीच ठेवून फक्त केबल बदलली. ३ मीटरची आणि ९ मीटरची. दहापैकी दहा बरोबर. दहापैकी दहा! दोन्ही केबल एकाच रिळातल्या.

हिशोब लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोगी पडेल. पिकअप म्हणजे एक मोठी कॉइल, माझ्या मीटरवर ४ हेन्रीच्या आसपास. केबल म्हणजे कपॅसिटर, माझी मीटरला साधारण १०० पिकोफॅरड भरते. दोन्ही मिळून आवाजाच्या एका फ्रीक्वेन्सीला उंचवटा तयार होतो आणि त्याच्या वरचं सगळं गळतं. पिकअपची स्वतःची कपॅसिटी १५० धरली तर ३ मीटरला तो उंचवटा ३७०० हर्ट्झच्या जवळ येतो, ९ मीटरला २४०० च्या जवळ. म्हणजे स्टेजवर लांब केबल लावली की आवाजाची वरची धार आपोआप उतरते, आणि आपण घरी येऊन बॉडीला शिव्या घालतो.

टोनचा नॉब शून्यावर नेल्यावर पण हेच. लोक समजतात ट्रेबल नुसता कापला जातो. पण आता कॉइलसमोर ४७ नॅनोचा कपॅसिटर आला, उंचवटा घसरून ३७० हर्ट्झच्या आसपास बसतो, म्हणून तो जाडसर, पोटातून आल्यासारखा ढुम्म आवाज मिळतो, नुसती गोधडी टाकल्यासारखा नाही. १०० नॅनोचा लावला तर २५० वर जातो, जेवणानंतर झोप आल्यासारखा वाजतो. मला ४७ च आवडला.

सप्टेंबर

प्रीॲम्प बसवला. टू-बँड, ९ व्होल्टवर चालणारा, म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने १९७६ मध्ये ज्या प्रकारचं सर्किट फॅक्टरीतूनच आत घालून दिलं त्याच जातीतला. बेस-ट्रेबल वाढवता येतं ह्यापेक्षा मला त्याचं दुसरं काम जास्त आवडलं, तो बफर आहे. पिकअप आणि केबलच्या मधे उभा राहतो, मग पिकअपला समोर केबल दिसतच नाही. ३ आणि ९ मीटरची टेस्ट परत केली, आता भाऊ जिंकला, मला ओळखता येईना.

पण प्रत्येक गोष्टीला किंमत असते. ट्रेबल वर नेला की मागे सुस्स्स. आणि त्या ढुम्म आवाजाला हा प्रीॲम्प ओळखतच नाही, ट्रेबल पूर्ण खाली केला तरी तो नुसता मऊ होतो, उंचवटा कुठे आहे? म्हणून पुश-पुल पॉट लावला, नॉब वर ओढला की प्रीॲम्प बाजूला आणि जुनं पॅसिव्ह वायरिंग चालू. माझं मत विचाराल तर बायपास नसलेला ॲक्टिव्ह बेस घेऊच नये, सेल गेला की तुम्ही पण गेलात.

सेलवरून आठवलं. जॅक स्टिरिओ लागतो, सेलची निगेटिव्ह रिंगला (जॅकचा मधला संपर्क), केबल घातली की रिंग आणि स्लीव्ह (ग्राउंडचा संपर्क) जोडले जातात आणि सर्किट चालू होतं. म्हणजे केबल आत ठेवली की सेल चालूच. मी गणपतीत गावाला गेले, केबल तशीच. चौदा दिवस. प्रीॲम्प सव्वा मिलीअँप खातो, ३३६ तासांना ४२० मिलीअँप-तास होतात, माझा साधा स्वस्तातला सेल कधीच देवाघरी गेलेला. आल्यावर आवाज फाटका, घशात कफ अडकल्यासारखा, मी तासभर सोल्डरिंग तपासत बसले.

ऑक्टोबर, पहिला आठवडा

आता लाकडाच्या बाजूने एक. मी "लाकडाने काहीच होत नाही" पार्टीत गेले असं समजू नका.

जी तारेवर सहावा फ्रेट, म्हणजे सी शार्प, १३८ हर्ट्झच्या आसपास. तिथे स्वर निघतो आणि मरतो. शेजारचे स्वर सात-आठ सेकंद सहज टिकतात, हा दोन सेकंदात खल्लास. सुप्रसिद्ध डेड स्पॉट. तूनवर तो सहाव्या फ्रेटला, सागावर पण सहाव्यालाच. बॉडी बदलली, ९०० ग्रॅम वाढले, तो जागचा हलला नाही, कारण नेक तोच होता. नेक त्या फ्रीक्वेन्सीला स्वतः हलायला लागतो आणि तारेची शक्ती पिऊन टाकतो. जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर ह्यांनी गिटार आणि बेसच्या नेकवर हेच मोजून दाखवलंय.

खात्री करायला हेडस्टॉकला (नेकचं खुंट्यांचं टोक) सुतारकाकांचा छोटा सी-क्लॅम्प लावला, लाकूड खराब होऊ नये म्हणून मधे चामड्याचा तुकडा. सहावा फ्रेट जिवंत झाला आणि पाचवा मेला! वजन वाढलं, नेकची फ्रीक्वेन्सी खाली गेली, भूत एक घर खाली सरकलं. क्लॅम्प काढला की परत सहाव्यात. मी हे पंधरा वेळा केलं असेल, आई म्हणाली आता एकच सूर वाजवायचा तर तंबोराच आणायचा होता.

तर लाकडाच्या गप्पा मारायच्याच असतील तर बॉडी सोडा, नेकच्या मारा. आणि त्यातही शिसव की मेपल ह्यापेक्षा नेक किती ताठ आणि किती जड हे बघा. (शिसवावरून, २०१७ मध्ये शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा फेंडरने मेक्सिकोच्या गिटारींवर पाउ फेरो नावाचं लाकूड लावलं, आणि लोक आवाज बिघडला म्हणून रडले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. मधल्या दोन वर्षांतले बेस कोणी डोळे बंद करून ओळखून दाखवले तर माझ्याकडून मिसळ.)

ऑक्टोबर, तिसरा आठवडा

सद्यस्थिती. तूनची बॉडी फायनल, पूर्ण बेस ४.१ किलो, पट्ट्याला लावून हात सोडला तर आडवा राहतो. सागाचा ५ किलोला जातो, दोन तासांच्या प्रॅक्टिसनंतर डावा खांदा दुखतो, काका बरोबर बोलले होते. तूनवर आता लाखेचं पॉलिश चाललंय, चौथा हात झाला, अजून दोन तरी लागतील. नेकसाठी जरा जड ट्यूनर (खुंट्या) शोधतेय, भूत पाचव्या आणि सहाव्याच्या मधे कुठेतरी अडकवता आलं तर बघू. कोणाकडे एकाच मॉडेलचे हलके आणि जड असे दोन्ही सेट असतील तर वजन करून सांगा, चारही ट्यूनरचं मिळून.

सागाच्या बॉडीसाठी फ्रेटलेस (बिनपट्ट्यांचा) नेक करायचा विचार आहे. काकांना तसं सांगितलं, तर त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, बुजवलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्याचा देव्हाऱ्याला पाट छान होईल गं, करू का?"