केसपेपरवर नसलेली वेळ

हाड मोडलेला माणूस कॅज्युअल्टीच्या दारातून आत आल्यापासून त्याला दुखणं थांबवणारं पहिलं औषध मिळेपर्यंत किती वेळ जातो, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. गाइड म्हणाले, "एवढ्यावर प्रबंध होईल?" मी त्यांच्यापुढे विल्सन आणि पेंडलटन यांचा १९८९ सालचा लेख ठेवला. वेदनादायक आजारांसाठी आपत्कालीन विभागातून भरती झालेल्या १९८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यांतल्या ५६ टक्के रुग्णांना विभागात असेपर्यंत एकही वेदनाशामक मिळालं नव्हतं. सरांनी लेख शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

खरं कारण मात्र मी तेव्हा सांगितलं नाही. निवासी डॉक्टर म्हणून पहिल्याच वर्षी, रात्रपाळीत, खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी आल्या होत्या. मी नाडी, रक्तदाब बघितला, एक्स-रे काढून घेतला, अस्थिरोग विभागाला फोन केला, रक्त पाठवलं. केसपेपर भरून गेला. पहाटे त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, दुखण्यावर काही देता का हो?" सगळं करून मी तेवढंच विसरले होते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी साडेचार तासांचं घड्याळ चालू होतं. नुसत्या दुखण्याला असं कुठलंच घड्याळ नव्हतं.

पोटदुखीचे रुग्ण मी मुद्दाम वगळले. औषध दिलं की पोटाची लक्षणं झाकली जातात आणि निदान चुकतं, ही समजूत शल्यचिकित्सकांत खूप जुनी आहे. नंतरच्या चाचण्यांत तिला आधार मिळाला नाही, पण तो वाद अंगावर घेतला असता तर माझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला असता. म्हणून फक्त हातापायांची मोडलेली हाडं घेतली.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत मला वाटलं होतं संमतिपत्रावरून अडेल. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाकडून चार पानांवर सही घेणं म्हणजे संमती नव्हे, हे मी आधीच लिहिलं होतं. आम्ही उपचारात काहीच बदलणार नव्हतो आणि नावं नोंदवणार नव्हतो, त्यामुळे ते मान्य झालं. अडलं दुसरीकडेच. समितीतल्या एक बाई डॉक्टर नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तुमचा माणूस घड्याळ घेऊन शेजारी उभा आहे, रुग्ण तळमळतोय, औषध कोणी दिलेलं नाही. तो नुसता वेळ मोजत राहणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नावर आम्ही दोन आठवडे घालवले. शेवटी नियम ठरला: तीव्र वेदना असलेल्या रुग्णाकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही असं दिसलं, की निरीक्षकाने लगेच सिस्टरना सांगायचं आणि त्या नोंदीवर तशी खूण करायची. याने अभ्यासाची शुद्धता थोडी बिघडणार होती. आमच्या हस्तक्षेपामुळे वेळ कमी दिसणार होती, म्हणजे खरी परिस्थिती आमच्या आकड्यांपेक्षा वाईट असणार होती. प्रबंधात मी हे पहिल्याच मर्यादेत लिहिलं. आजही मला तो नियम अभ्यासातला सगळ्यात योग्य निर्णय वाटतो.

पहिल्या महिन्याचा डेटा मात्र टाकूनच द्यावा लागला. केसपेपरवरच्या वेळा बघत होते, तर जवळपास सगळी औषधं तासाला, सव्वाला, साडेला किंवा पाऊणला दिलेली. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. गर्दी ओसरल्यावर सिस्टर आठवून लिहायच्या आणि आठवलेली वेळ नेहमी गोल आकड्यावर येऊन थांबते. त्यात नोंदणीचा संगणक, भिंतीवरचं घड्याळ आणि सिस्टरांच्या मनगटावरचं घड्याळ, तिघांची वेळ वेगळी. रुग्ण येण्याआधीच त्याला इंजेक्शन मिळाल्याची नोंदसुद्धा सापडली. मग केसपेपर बाजूला ठेवून आम्ही एकाच घड्याळावर, प्रत्यक्ष उभं राहून वेळा घेतल्या. रात्रपाळ्या आणि रविवार सोडले नाहीत, कारण हाल तेव्हाच जास्त होतात.

आकडेमोडीबद्दल थोडंच सांगते. मी सरासरी काढली होती. संख्याशास्त्राच्या सरांनी ती खोडून मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, काढायला लावला, कारण तासन्‌तास ताटकळलेला एखादा रुग्ण सगळी सरासरी ओढून नेतो. पण त्या एखाद्याला विसरू नका, असंही तेच म्हणाले, म्हणून सर्वाधिक थांबलेल्यांचे केसपेपर मी वेगळे काढून वाचले.

त्यांत बहुतेक वृद्ध होते. स्मृतिभ्रंश असलेले, कमी ऐकू येणारे, शांत पडून राहणारे. मला वाटायचं उशीर होतो तो डॉक्टरच्या ऑर्डरपासून सिरिंज भरेपर्यंत. तो टप्पा लहान निघाला. खरा वेळ गेला होता त्याआधी, कुणीतरी "किती दुखतंय?" असं विचारेपर्यंत. ट्रायाजलाच, म्हणजे आल्याआल्या कुणाला आधी बघायचं हे ठरवतात तिथेच, दुखण्याचा शून्य ते दहाचा आकडा लिहिलेल्यांना औषध लवकर मिळालं होतं. अर्थात जास्त विव्हळणाऱ्याला तो आकडा आधी विचारला जातो, म्हणून विचारण्यामुळेच वेळ वाचला असं मी ठामपणे लिहिलं नाही.

विभागाच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "आम्ही विचारू, पण विचारून हातात काही नसेल तर त्या माणसाला काय सांगायचं?" त्यातून लेखी आदेश तयार झाला. ठरावीक आकड्याच्या वर वेदना असेल, ॲलर्जी नसेल, तर पहिला डोस सिस्टरनीच ट्रायाजला द्यायचा. बोलू न शकणाऱ्यांसाठी चेहरा, कण्हणं आणि हालचाल बघून भरायचा तक्ता जोडला.

सध्या आम्ही दुसऱ्यांदा वेळा घेतोय. पहिल्या डोसचा रकाना आता बहुतेक भरलेला असतो. अर्ध्या तासाने पुन्हा विचारून लिहायचा रकाना अजून बऱ्याच केसपेपरांवर कोरा आहे.