आईसोबत त्सुगश्पिट्झवर

गेल्या आठवड्यात आईला घेऊन त्सुगश्पिट्झवर जाऊन आलो. जर्मनीतील हे सर्वांत उंच शिखर, २९६२ मीटर. म्युनिकमधील मराठी घरांत तिथले एखादे छायाचित्र हमखास सापडते, त्यामुळे प्रवासवर्णन म्हणून हे लिहीत नाही. पायथ्याशी, आइबझे तळ्याजवळच्या रोपवेच्या स्थानकात एक अगदी साधी गोष्ट पाहिली आणि ती अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

आईला एकाहत्तरावे लागले आहे. दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि कुठेही पायरी दिसली की तिची नजर आधी कठडा शोधते. पुण्यातल्या डॉक्टरांना फोन करून, इतक्या उंचीवर जाऊ का हे नीट विचारून मगच आम्ही निघालो. फलाटावर काचेचा भला मोठा पाळणा येऊन थांबला तेव्हा मी सवयीने तिचा दंड धरला, पण धरण्याची गरजच नव्हती. फलाटाची जमीन आणि पाळण्याची जमीन अगदी एका पातळीत आली होती आणि दोहोंमध्ये जेमतेम बोटभर फट होती. आई थबकली, तिने खाली पाहिले, बुटाच्या टोकाने ती फट चाचपली आणि माझा हात सोडून आत गेली. आमच्या मागे चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा होते. त्यांनाही कुणी उचलले नाही, कुणी ढकललेही नाही. स्वतःच्या हातांनी चाके फिरवत ते आत आले. काचेशी उभ्या असलेल्या तरुणांनी काही न बोलता सरकून दोघांना जागा करून दिली. १२० माणसांच्या त्या पाळण्यात सर्वांत चांगली जागा आईला आणि त्या आजोबांना मिळाली.

हा पाळणा सुमारे दहा मिनिटांत १९४५ मीटर चढतो. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या पूर्ण उंचीपेक्षाही ही चढण मोठी आहे. वाटेत खांब एकच, १२७ मीटर उंचीचा, आणि तो ओलांडला की ३२१३ मीटर लांबीचा दोर मध्ये कुठेही आधार न घेता थेट शिखराला भिडतो. ज्या दोरांवरून पाळणा धावतो ते ७२ मिलिमीटर जाड आहेत. मी आईला हे आकडे सांगत होतो, पण तिचे लक्ष खाली लहान होत चाललेल्या हिरव्यानिळ्या तळ्याकडे होते आणि मला मात्र त्याच वेळी रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आठवत होते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही मित्र रायगडावर गेलो होतो, आई सोबत होती. शाळेच्या सहलीत ती सगळ्या पायऱ्या चढून गेली होती आणि जगदीश्वराचे देऊळ पुन्हा एकदा पाहायची तिची फार इच्छा होती. गुडघ्यांचे दुखणे तेव्हा सुरू झाले होते. रायगडाला रोपवे १९९६ पासून आहे. तरीही गड पायांनीच चढायचा, पाळण्यात बसून महाराजांच्या दारी जायचे नाही, असे मी मोठ्या आवाजात म्हणालो आणि आईला पाचाडला ठेवून आम्ही वर गेलो. गडावरचा गार वारा उतारवयात जिजाऊंना सोसेना म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असे सांगतात. आई त्या दिवशी जिजाऊंच्या समाधीपाशी पाच तास बसून होती. सुट्टीचा दिवस होता, रोपवेला मोठी रांग होती आणि परत पुण्याला पोहोचायचे होते, हेही खरे आहे.

मग तोच नियम मी इथे का लावला नाही? सत्तर युरोंच्या आसपासचे तिकीट काढताना माझ्या मनात क्षणभरही किंतु आला नाही. मला वाटते, हा डोंगर माझा नाही म्हणून असे झाले. रायगडाकडून आपण काही मागतो आणि त्याचे मोल पायांनी द्यावे असे आपल्याला वाटते. ते वाटणे खोटे आहे असे मी आजही म्हणणार नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा राजधानीचे एक अख्खे नगर त्या माथ्यावर नांदत होते, आणि त्सुगश्पिट्झच्या माथ्यावर माणूस पोहोचल्याची पहिली नोंद १८२० ची आहे. डोंगरावर जगणे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे मुसळधार पाऊस आहे, कड्यांच्या दरडी आहेत, आणि गड हे संरक्षित स्मारक असल्याने तिथे वाटेल तसे खोदताही येत नाही. इथे ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या बाजूने १९२६ साली पहिला रोपवे आला, १९३० साली जर्मनीतल्या बवेरियाच्या बाजूने दातेरी रुळांची रेल्वे आली. शंभर वर्षांची सवय आहे. पण ती बोटभर फट ठेवायला शंभर वर्षे लागत नाहीत. तिथे येणाऱ्यांमध्ये गुडघे झिजलेलेही असतील, हे फक्त आधी मनात धरावे लागते.

शिखरावरचा सोनेरी क्रूस गच्चीपासून थोडा दूर आहे आणि तिथे जायला लोखंडी शिडी आणि दोर धरून चढावे लागते. तेवढ्यापुरता हा डोंगरही पायच मागतो. विरळ हवेत आईला दम लागत होता, म्हणून ती बाकावर बसली आणि बसूनच तिने क्रूसाकडे पाहून हात जोडले. ‘तिथे काय आहे?’ असे तिने विचारले, मी सांगितले. ‘असू दे. कळसूबाईलाही वर देऊळच आहे,’ ती म्हणाली.

उतरताना आम्ही दातेरी रेल्वेने आलो. ती बराच वेळ बोगद्यातून जाते, काचेत बाहेरचे काही दिसत नाही, आपलेच चेहरे दिसतात. मी पाचाडचा विषय काढला. आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘त्या दिवशी रांग फार होती रे.’

गार्मिशच्या स्थानकावर गाडीची वाट पाहताना तिने साताऱ्याच्या मावशीला फोन लावला. बर्फ, तळे, चार देशांचे डोंगर हे सारे नंतर आले. ‘अगं, एकही पायरी नव्हती,’ हे तिने सर्वांत आधी सांगितले.